लिहिलंय तेवढंच

दिवाळीच्या सुट्या संपून शाळा उघडते, तेव्हा वर्गात मुलांबरोबर कापूसही येतो. कोणाच्या वेणीत अडकलेला, कोणाच्या स्वेटरला चिकटलेला, कोणाच्या खिशात सरकीसकट कोंबलेला. झाडू मारला तरी तो केराबरोबर जात नाही. उडतो, हवेत थोडा वेळ राहतो आणि पुन्हा येऊन पोरांच्या पाट्यांवर बसतो. मुलांची बोटं बघावीत तर बोंडांच्या टोकांनी ओरबाडलेली. त्या बोटांत पेन्सिल धरली की ती धरल्यासारखी वाटत नाही, टोचल्यासारखी वाटते.

यंदाही तसंच झालं. पहिली आणि दुसरी मिळून माझ्याकडे चौदा मुलं. त्यांतली सात हजर, सात आईबापांसोबत वावरात. मी हजेरी घेत होते आणि घेता घेता तोंडातून एक नाव निघून गेलं, जे ह्या हजेरीत आता नाही. "रेश्मा कुमरे."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग दुसरीतली एक म्हणाली, "मॅडम, ते तर आश्रमशाळेत गेली ना. पण सध्या घरीच हाये. तिच्या शाळेची सुटी नाई सरली. आईसंगं वेचाले जाते."

मी "बरं" म्हटलं आणि पुढचं नाव घेतलं. पण त्या दिवशी मी वर्गात काय शिकवलं ते मला सांगता येणार नाही.

आमची शाळा हिंगणीच्या पुढे, बोर धरणाच्या अंगाला. दोन खोल्या, एक व्हरांडा, दोन मास्तर. एक मी आणि दुसरे मुख्याध्यापक गावंडे सर. मी सिंदीहून स्कूटरने येते. शेवटचे चार किलोमीटर एका बाजूला जंगल आणि दुसऱ्या बाजूला पऱ्हाटी. कापूस फुटलेला असला की तो रस्ता इतका पांढरा दिसतो, की डोळ्यांना जरा त्रासच होतो. ह्या रस्त्याने मी अकरा वर्षं जातेय. त्यांतली दहा वर्षं मला एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. एक मात्र येतं. त्या वर्षीचे वेचणीचे दिवस, रेश्मा दुसरीत होती तेव्हाचे.

ते आठवले की मला काय वाटतं, हे मी बऱ्याचदा स्वतःला विचारलं आहे. अभिमान वाटतो असं म्हणावं तर लगेच काहीतरी आडवं येतं. वाईट वाटतं म्हणावं तर तेही पुरतं खरं नाही.

त्या वर्षी शाळेत गोष्टीच्या पुस्तकांची एक पेटी आली होती. साठेक पुस्तकं, पातळ, रंगीत, एका पानावर एक चित्र आणि खाली एक-दोन ओळी. गावंडे सरांनी ती कपाटात ठेवून कुलूप लावलं. सर वाईट नाहीत. त्यांना फक्त फाटण्याची भीती. मी म्हटलं, "सर, फाटू द्या. वाचून फाटली तर चांगलंच आहे." ते म्हणाले, "वाचून फाटली तर चांगलंच, मॅडम. ओढाताणीत फाटतील." शेवटी मी किल्ली मागून घेतली, वर्गात ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी बांधली आणि कपडे वाळत घालावेत तशी पुस्तकं तिच्यावर उघडी टाकली. मुलांच्या हाताला येतील इतक्या खाली.

रेश्माने तोवर वर्गात तोंड उघडलं नव्हतं. हे अतिशयोक्त वाटेल, पण पहिलीचं सगळं वर्ष तिने मला एक पूर्ण वाक्य ऐकवलं नव्हतं. 'हजर' म्हणायचं तर हात वर करायची. घरी त्यांची बोली वेगळी, गोंडी. गावातल्या पोरांशी खेळताना ती वऱ्हाडी बोलायची, आणि पुस्तकातली मराठी म्हणजे तिसरंच काहीतरी. मी समजून होते की ही तिसरी भाषा तिच्या कानाला अजून लागत नाही. प्रगतिपुस्तकात मी लिहिलं होतं, 'अबोल आहे.'

एका दुपारी मी व्हरांड्यात खिचडीचं भांडं बघत होते. आत गलका होता तो हळूहळू थांबला. मुलं गप्प झाली की शिक्षकाला आधी काळजी वाटते. मी दारात जाऊन पाहिलं. पहिलीतली पाच-सहा पोरं जमिनीवर गोल करून बसली होती आणि मधे रेश्मा मांडीवर पुस्तक घेऊन वाचत होती.

खरंच वाचत होती. बोट ओळीखाली डावीकडून उजवीकडे सरकत होतं. ओळ संपली की थांबायची, पान उलटायची, चित्र सगळ्यांना फिरवून दाखवायची. मी करते तसंच, अगदी मान वाकडी करून. आवाज मात्र माझा नव्हता, तिचा होता, आणि तो मी पहिल्यांदा ऐकत होते.

"कासव विहिरीले म्हणते, माही आई कुठं गेली? विहीर म्हणते, ते गेली वेचाले. कासव म्हणते, मंग मले काऊन नाई नेलं? विहीर म्हणते, तुले शाळा हाये ना."

माझे डोळे भरून आले होते, हे मी कबूल करते. बाराखडीत अडकलेली पोरगी एकदम पुस्तक वाचते, म्हणजे माझी सुतळी कामाला आली. मी पाय न वाजवता तिच्या मागे जाऊन उभी राहिले आणि पानावर पाहिलं. पानावर लिहिलं होतं, 'कासव विहिरीजवळ आले. विहिरीत पाणी होते.'

बस, एवढंच.

मी तशीच व्हरांड्यात परत गेले. दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक, तेच कासव, पण गोष्ट निराळी. ह्या वेळी कासव विहिरीत उतरलं आणि वरच आलं नाही. पहिलीतला एक पोरगा भडकला. "काल तर कासव घरी गेलतं! आज काऊन नाई गेलं?"

रेश्माने पुस्तकावरून नजर न काढता सांगितलं, "आज त्याच्या घराले कुलूप हाये."

पोराचं समाधान झालं. माझं झालं नाही. पोरं पांगल्यावर मी तिला जवळ बोलावलं. "रेश्मा, हे कुलूप कुठं लिहिलंय गं?"

तिने ओळीवर बोट ठेवलं. "इथं."

"इथं तर लिहिलंय, कासव विहिरीजवळ आले."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्यात उद्धटपणा नव्हता, उलट जरा कणव होती. "मॅडम, तुमाले तेवढंच दिसते?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा हसून टाळलं.

माझं बालपण सिंदीतच गेलं. वडील कापसाच्या बाजारात मापारी होते आणि आमचं घर रेल्वे स्टेशनापासून जवळ. स्टेशनावरची ती पिवळी पाटी मी फार लहानपणापासून पाहत आले. तेव्हा ती मला पाटी वाटत नव्हती. काळ्या काळ्या आकृत्या होत्या. एक टोपी घातलेली, एक पोटात काहीतरी धरून बसलेली, एक शेवटी वाकून कोणाला तरी बोलावणारी. मी त्यांना नावंही दिली असतील, आता आठवत नाहीत. मग एक दिवस, पहिलीत असतानाच, वडिलांचा हात धरून तिथून जाताना ती पाटी एकदम 'सिंदी' झाली. मी ओरडलेच. वडिलांनी मला उचलून घेतलं. तो आनंद खरा होता. पण त्या दिवसानंतर ती पाटी मला पुन्हा कधी नुसती दिसली नाही. मी कितीदा प्रयत्न केला. डोळे बारीक करून पाहिलं, मान वाकडी करून पाहिलं. अक्षरं आधी येतात, आकृत्या येतच नाहीत. पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या बाईला, वाचता न येणं कसं असतं हे अजिबात आठवू नये, ही गोष्ट मला त्या वर्षी पहिल्यांदा खटकली.

डिसेंबरात केंद्रप्रमुख साहेब आले. आमच्या भागातल्या दहा-बारा शाळा ते बघतात. वाचनाची पातळी तपासायची होती. कोणतं मूल अक्षर ओळखतं, कोणतं शब्द, कोणतं उतारा, त्याप्रमाणे खुणा करायच्या. साहेब वर्गात आले तेव्हा रेश्माभोवती पोरं बसलेली होती. ते दारात थांबून ऐकत राहिले. मला खुणेने म्हणाले, वा! मला तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. कदाचित मलाही ते 'वा' हवं होतं.

मग ते तिच्याजवळ बसले, खिशातून छापील कागद काढला आणि म्हणाले, "बेटा, हे वाच बरं."

त्या कागदावर चित्र नव्हतं. रेश्माने तो उलटसुलट करून पाहिला. बोट ओळीखाली ठेवलं. ते पुढे सरकलं नाही. साहेबांनी एकेक अक्षर दाखवलं. 'म'? ती गप्प. 'ब'? गप्प. तिच्या स्वतःच्या नावातला 'र' तिला आला, तोही विचारत विचारत.

साहेब मोठ्याने बोलणारे गृहस्थ नाहीत. त्यांनी मला व्हरांड्यात नेलं. "मॅडम, पोरगी हुशार आहे, यात वाद नाही. पण हिला वाचता येत नाही. आणि आपल्याला येतं असं तिला वाटतं, हे जास्त कठीण आहे."

मी म्हटलं, "साहेब, ती गोष्ट रचते. एवढ्या वयात."

"रचू द्या की. मी कुठं नाही म्हणतो? पण उद्या तिला फॉर्म भरावा लागेल, गोळ्यांच्या पाकिटावरचं वाचावं लागेल. तिथं मनातलं वाचून चालते का? तिच्या मायला येत नाही, तिच्या आजीला येत नव्हतं. हिलाही असंच सोडायचं का?"

ह्यात कुठेही चूक नव्हती. मी आजही शोधते आणि सापडत नाही. त्यांनी तिच्या नावापुढे सगळ्यांत खालच्या पातळीची खूण केली. मी सही केली.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर मी रेश्माला तासभर थांबवून घ्यायला लागले. तशीही तिची आई वावरातून उशिरा यायची. अक्षरांची कार्डं, वाळूत बोटाने गिरवणं, दगडांनी अक्षर मांडणं, जे जे मला येत होतं ते सगळं केलं. आणि पहिल्याच दिवशी मी तिला एक वाक्य सांगितलं, ते मला अक्षरशः आठवतं. मी म्हटलं, "रेश्मा, जे लिहिलंय तेवढंच वाचायचं. मनातलं नाही घालायचं. कबूल?"

तिने मान हलवली.

ती फार लवकर शिकली. संक्रांतीपर्यंत जोडाक्षरं सोडून सगळं येत होतं. एक दिवस तिने ते कासवाचं पुस्तक घेतलं आणि बोट ठेवून वाचलं, "का-स-व. कासव. वि-हि-री-ज-व-ळ. आ-ले." ओळ संपल्यावर तिने पान उलटून मागची बाजू पाहिली. मी टाळी वाजवली. ती मला म्हणाली, "एवढंच हाये का ह्याच्यात?"

मी म्हटलं, "हो. आता तुला आलं ना वाचता!"

पहिलीतली पोरं दुपारी तिच्याभोवती बसायची ती दोन-चार दिवस बसली. ती अक्षरन् अक्षर बरोबर वाचायची. पोरं उठून खेळायला निघून गेली. तिनेही त्यांना बोलावलं नाही. पुस्तकं सुतळीवर तशीच टांगलेली राहिली, आणि त्यांच्यावर बारीक कापूस बसत गेला.

फेब्रुवारीत, शेवटची वेचणी संपता संपता, तिची आई शाळेत आली. कांताबाई. कमरेला वेचणीची ओटी अजून बांधलेलीच होती, म्हणजे सरळ वावरातून आलेली. मी खुर्ची दिली, ती पायरीवर बसली. मीही पायरीवर बसले.

"मॅडम, मागच्या हप्त्यात लहान्याले ताप आलता. वर्ध्याच्या दवाखान्यात न्यायचा होता. रेश्माचा बाप जंगलात कामावर. मी ह्या दोघाईले घेऊन सेलूच्या स्टँडवर गेली. नेहमी मी कोनाले तरी विचारतो, भाऊ, हे गाडी कुठची? कोनी सांगते, कोनी तोंड फिरवते. ह्या वक्ताले रेश्मानं पाटी वाचली. म्हणे, बाई, हे वर्ध्याची. आमी चढलो. दवाखान्यातबी तिनंच वाचलं, चिठ्ठी कुठं काढायची, औषध कुठं भेटते. मले कोनाले विचारा लागलं नाई, मॅडम. जिंदगीत पहिल्यांदा." (कुमऱ्यांच्या घरात आईला 'बाई' म्हणतात.)

मला काय झालं असेल! मी म्हटलं, "कांताबाई, फार छान झालं."

"छानच झालं." ती ओटीची गाठ सोडत, पुन्हा बांधत बसली. "पण एक सांगू का? राग नका मानजो."

"सांगा ना."

"पहिले हे पोरगी वावरात आली, का दिवसभर सांगत राहे. काई ना काई. बोंडाचं, पाखराचं, कायचंबी. आमी चार-पाच बाया एका ओळीनं वेचो. तिची गोष्ट सरेपर्यंत हात थांबत नव्हता. आता गुमसुम वेचते. मी म्हटलं, सांग ना वं काईतरी. तं म्हणते, पुस्तक नाई आनलं." तिने गाठ घट्ट ओढली. "परवा मीच सांगाले लागली. माह्या मायनं सांगितलेली गोष्ट, आमच्या बोलीतली. तं मले विचारते, बाई, हे कुठं लिहिलं हाये? मी म्हटलं, कुठंच नाई. तं म्हणे, मंग हे खरी नाई."

मैदानात पोरं कबड्डी खेळत होती.

"चांगलं झालं का वाईट झालं, मले समजून नाई राह्यलं," कांताबाई म्हणाली. "तुमी शिकेल हा. तुमीच सांगा."

मी शिकलेली आहे. डीएड केलं, नंतर बीए केलं, दरवर्षी प्रशिक्षणं होतात. त्या पायरीवर बसून मला तिला एक वाक्य सांगता आलं नाही. मी म्हटलं, "कांताबाई, तीच गोष्ट तुम्ही शाळेत येऊन सांगाल का?"

हे मी का म्हटलं? आपल्या हातून काहीतरी सांडलं की माणूस हाताला लागेल त्या फडक्याने पुसायला जातो, तसं काहीसं.

ती दोन दिवसांनी आली, धुतलेलं लुगडं नेसून. मी मुलांना समोर ओळींनी बसवलं. तिने सुरुवात केली आणि चौथ्या-पाचव्या वाक्याला एक शब्द आला, 'पिट्टे'. गोंडीत पाखराला पिट्टे म्हणतात. मागे बसलेली दोन पोरं खिदळली. "पिट्टे! पिट्टे!" मग सगळा वर्ग. मुलं वाईट नव्हती, त्यांना शब्दाचा आवाज गमतीदार वाटला, इतकंच. पण कांताबाईने पदर तोंडाला लावला. मी पोरांना दटावलं, तिला म्हटलं सांगा, सांगा. तिने उरलेली गोष्ट चार वाक्यांत गुंडाळली, मराठीत, खाली बघून. रेश्मा शेवटच्या ओळीत बसली होती. तिने दोन्ही गुडघ्यांत डोकं घातलं होतं.

मी घाईघाईने फळ्यावर ती गोष्ट लिहून काढली. मुलांनी एका सुरात वाचली. कांताबाई केव्हा उठून गेली ते मला कळलंही नाही.

घंटा झाली, वर्ग रिकामा झाला. मी डबा भरत होते. वळून पाहते तर रेश्मा फळ्यापुढे उभी. ओठ हलवत वाचत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, बाई असं नाई म्हणली."

"काय नाही म्हणाली?"

"तुमी लिहिलं, पक्षी. ते पक्षी नाई म्हणली."

तिने तळहाताने 'पक्षी' पुसलं. खडू घेतला, टाचा उंचावल्या आणि वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, 'पिट्टे'. दुसरा ट तिने पहिल्यापेक्षा मोठा काढला. मग खडू ठेवला, हात फ्रॉकला पुसले आणि निघून गेली.

ती चिडली होती का, की रडत होती, की तिने फक्त मी सांगितलेला नियम पाळला होता, हे मला तेव्हा कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तो शब्द फळ्यावर राहू दिला. तिसऱ्या दिवशी गावंडे सरांनी गणिताला फळा घेतला आणि तो पुसला गेला. वार्षिक परीक्षेत रेश्मा वाचनात वर्गात पहिली आली. साहेबांनी तिचं नाव बैठकीत उदाहरण म्हणून सांगितलं. तिसरीला ती गावंडे सरांच्या खोलीत गेली आणि चौथी झाल्यावर आश्रमशाळेत. दोन खोल्यांच्या शाळेत दुसरी खोली फार लांब नसते, पण मी तिला बोलवून कधी काही विचारलं नाही. काय विचारणार होते?

नंतरच्या वर्षांत मी किती तऱ्हा करून पाहिल्या. एका वर्षी आधी गोष्टी आणि मग अक्षरं. एका वर्षी दोन्ही बरोबर. मनातलं वाचणाऱ्या मुलांना मी आता टोकत नाही, आणि टोकत नाही म्हणून पुन्हा घाबरते, की हे असंच चौथीपर्यंत गेलं तर? प्रशिक्षणात एकदा मी उभी राहून ही सगळी हकीकत सांगितली. एक बाई म्हणाल्या, तुम्ही बरोबर केलं. दुसऱ्या म्हणाल्या, तुम्ही चूक केली. मग चहा आला. मला दोघींचंही पटलं होतं.

तर त्या दिवशी, हजेरीत तिचं नाव निघून गेलं त्या दिवशी, शाळा सुटल्यावर मी स्कूटर सिंदीच्या रस्त्याला न लावता कुमऱ्यांच्या वावराकडे वळवली. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, गाडी उभी केली. ऊन उतरायला लागलं होतं. पऱ्हाटीत चार बाया ओळीने वेचत होत्या. शेवटच्या ओळीला कांताबाई. तिने मला ओळखलं आणि ओरडली, "या, मॅडम, या! सांभाळून, काट्या हायेत."

रेश्मा वेचत नव्हती. ती धुऱ्यावरच्या पळसाखाली, कापसाच्या गाठोड्याला टेकून बसली होती. उंच झाली आहे, वेणी लांब झाली आहे. मांडीवर वही. मला पाहून उठायला लागली, मी तिला बसवलं.

"काय लिहून राह्यली?" मी विचारलं. रोज तिथे जाऊन-येऊन माझीही भाषा अशी होते.

"होस्टेलात पोरी गोष्ट सांग म्हणतात," ती म्हणाली. "आमच्या खोलीत सातजणी हायेत. त्यांच्याजवळ सांगाले काई नाई आणि पुस्तकं सरली. मंग बाईले म्हटलं, तू सांग, मी लिहून नेतो."

"कोणत्या भाषेत लिहितेस?"

"बाई म्हणते त्याच्यात."

मी वहीत डोकावले नाही. मला डोकावायचं होतं. पण मी पळसाच्या दुसऱ्या अंगाला बसले आणि कांताबाई वेचता वेचता सांगत होती ते ऐकू लागले. अर्धं मला कळत होतं. एका बाईची बकरी जंगलात हरवते. बाई तिला शोधत नाल्यानाल्याने फिरते, दगडाला विचारते, मोहाच्या झाडाला विचारते. शेवटी ती उंचावर उभी राहते आणि तिला हाक घालते. इथे कांताबाईने वेचता हात थांबवला, मान मागे टाकली आणि जीभ टाळूला लावून एक आवाज काढला. मी तो इथे लिहू शकत नाही. तो जिभेतून सुरू होऊन घशात जातो आणि शेवटी ओठांवर फुटतो. पलीकडच्या पडीत वावरात कोणाच्या तरी बकऱ्या चरत होत्या. त्यांनी चरणं सोडून माना वर केल्या.

रेश्माची पेन्सिल थांबली. "मॅडम, हे कसं लिहायचं?"

"हुर्र लिही," मी म्हटलं.

तिने मनातल्या मनात म्हणून पाहिलं. "नाई. हुर्र नाई म्हणली."

"मग, ट्रर्र?"

"तसंबी नाई." तिने आईला हाक मारली. "बाई, पुन्हा कर!" कांताबाई हसायला लागली, पुन्हा तो आवाज काढला. बाकीच्या बायाही हसल्या, एकीने करून पाहिला, तिला जमला नाही. मी तो दुसऱ्यांदा ऐकला आणि डोक्यातली सगळी बाराखडी, सगळी जोडाक्षरं त्याच्यावर लावून पाहिली. आधीची शाळा धरून अठरा वर्षं मी मुलांना सांगत आले, की जे बोलता येतं ते लिहिता येतं.

"रेश्मा," मी म्हटलं, "मला नाही येत गं. याला अक्षर नाही."

"कोनालेच नाई येत?"

"मला नाही माहीत."

ती नाराज होईल असं मला वाटलं. ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली, जरा नवल वाटल्यासारखी. मग तिने वही सरळ केली, त्या ओळीत चार बोटं जागा मोकळी सोडली आणि पेन्सिल तिच्या पलीकडे नेऊन टेकवली.

"मंग, बाई?" तिने पऱ्हाटीकडे बघून विचारलं. "मंग काय झालं?"